नाव नोंदवा, उमेदवाराचं नाव घेऊ नका

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिम भागात पन्नास वर्षांपूर्वी जोराचा पाऊस झाला की रस्त्याचा ओढा व्हायचा. वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. पाणी थेट घरात शिरायचं आणि दोन-तीन दिवस शाळा, मजुरी सगळं ठप्प. ऑगस्ट १९७४ मध्ये पुन्हा तसंच झालं, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी महापालिकेचे जुने कागद काढून पाहिले. त्यांच्या भागातलं पाणी वाहून नेण्याची योजना १९४५ च्या आराखड्यातच लिहिलेली होती. एकोणतीस वर्षांत तिथे कुणी कुदळ मारली नव्हती.

हे कागद काढणारे लोक कुठल्या पक्षाचे नव्हते. ते त्या भागातल्या कॅथलिक पॅरिशांचे, आपल्या वसईच्या भाषेत सांगायचं तर धर्मग्रामांचे, सभासद होते. अर्नेस्टो कॉर्टेस नावाचा त्याच शहरातला एक कार्यकर्ता शिकागोच्या सॉल अलिन्स्कींच्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनमध्ये संघटनेचं काम शिकून परतला होता. त्यानं चळवळीत गाजलेली माणसं बाजूला ठेवली. धर्मग्रामाच्या जत्रेचा हिशेब कोण ठेवतं, शाळेच्या पालकसभेत कोण उठून प्रश्न विचारतं, चर्चच्या छपरासाठी खाद्यपदार्थ विकून पैसे कोण जमवतं, हे तो विचारत फिरला. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होतं: बायका. त्यांच्यातून 'कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस', म्हणजे 'कॉप्स', ही संघटना उभी राहिली. तिचं सभासदत्व व्यक्तीला नव्हतं, धर्मग्रामाला होतं, आणि वर्गणीही धर्मग्रामच भरत असे.

१९७५ च्या सुरुवातीला या मंडळींनी शहरातल्या बड्या लोकांचं लक्ष कसं वेधून घेतलं, ते वाचण्यासारखं आहे. जॉस्के नावाच्या मोठ्या दुकानात शेकडो बायका शिरल्या आणि एकेक कपडा अंगाला लावून पाहत बसल्या. विकत काहीच घेतलं नाही. फ्रॉस्ट बँकेत लोकांनी रांगा लावून नोटा मोडून सुटी नाणी घेतली आणि पुन्हा रांगेत उभं राहून नाणी देऊन नोटा घेतल्या. काच फुटली नाही की घोषणा झाली नाही, पण दुकानाचा आणि बँकेचा दिवस वाया गेला. महापालिकेत ज्यांचं ऐकलं जातं, त्यांना पश्चिम भागाचा नकाशा पाहावा लागला.

अमेरिकेतली कॅथलिक धर्मग्रामं गरिबांना आणि स्थलांतरितांना मतदानाकडे वळवतात, तेव्हा आपल्याकडच्या सुशिक्षित वाचकाच्या कपाळावर पटकन आठी पडते. धर्मसंस्था आणि मतपेटी यांची गाठ पडली की पुढे काय होतं हे आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे ती आठी मला समजते. तरीही या बाबतीत ती चुकीच्या जागी पडते, असं माझं म्हणणं आहे. धर्मग्रामानं गरिबाच्या हातात नोंदणीचा अर्ज ठेवावा, तो भरायला मदत करावी, आणि उमेदवाराचं नाव मात्र ओठावर येऊ देऊ नये. यातल्या पहिल्या अर्ध्याला पुरोगाम्यांचा विरोध असतो, दुसऱ्या अर्ध्याला अलीकडे धार्मिक उजव्यांचा. मला दोन्ही अर्धे हवे आहेत.

आधी पहिला अर्धा. नोंदणी कोण करून देणार? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मतदारयादीत नाव घालायला सरकार दारात येत नाही, ते काम नागरिकानं स्वतः करायचं. टेक्सासमध्ये तर फार काळ मतदानासाठी कर होता आणि १९७१ पर्यंत दर वर्षी नव्यानं नाव नोंदवावं लागे. शेतमजुरीसाठी वर्षातले काही महिने उत्तरेकडे जाणाऱ्या कुटुंबाचं नाव यादीत राहणार कसं? पक्ष नेहमी मतदान करणाऱ्यांच्याच दारात जातात, कारण नव्या मतदारावरचा खर्च त्यांना परवडत नाही. कामगार संघटना दुबळ्या झालेल्या. अशा वस्तीत लोक स्वतःहून दर आठवड्याला जमतात, एकमेकांना नावानं ओळखतात आणि जिथल्या माणसावर त्यांचा विश्वास आहे, अशी जागा एकच उरते. ती चर्च आहे याचं कुणाला वाईट वाटलं तरी इलाज नाही. दुसरी जागा बांधून होईपर्यंत गरिबानं यादीबाहेर थांबावं, हा सल्ला ज्यांची नावं यादीत आहेत तेच देऊ शकतात.

त्यात सॅन अँटोनियोच्या धर्मग्रामांनी एक गोष्ट अचूक ओळखली. मतदान हे कर्तव्य आहे असं व्यासपीठावरून सांगून कुणी हलत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणं आणि मताधिकार बजावणं ही नैतिक जबाबदारी म्हणून नोंदलेली आहेच. ती वाचून किती लोक मतदानकेंद्रावर गेले असतील? मत आणि गटार यांचा संबंध डोळ्यांना दिसला, तेव्हा लोक हलले. नाव नोंदवलं तरी तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण तिथे नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडले जात. पश्चिम भागानं एकगठ्ठा मतं दिली तरी उत्तरेकडचे श्रीमंत भाग ती बुडवून टाकत. वीसेक वर्षं गुड गव्हर्नमेंट लीग नावाचं व्यापाऱ्यांचं मंडळच बहुतेक जागा ठरवत असे. १९७५ मध्ये मताधिकार कायद्याची व्याप्ती इंग्रजी न बोलणाऱ्या गटांपर्यंत वाढली, त्याच्या आधारे केंद्रीय न्याय खात्यानं सॅन अँटोनियोच्या हद्दवाढीला, ती या वस्तीच्या मताचं वजन घटवते म्हणून, हरकत घेतली, आणि जानेवारी १९७७ मध्ये शहरानं थोडक्या मतांच्या फरकानं प्रभागपद्धत स्वीकारली. त्याच वर्षी महापौरासह अकरा जणांच्या सभागृहात पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय निवडून आले. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. १८४० च्या दशकातल्या हुआन सेगीननंतर त्या शहराला मेक्सिकन वंशाचा महापौर मिळाला तो तेव्हा.

या सगळ्यात कॉप्सनं कुणालाही पाठिंबा जाहीर केला नाही. निवडणुकीआधी उमेदवारांना सभेत बोलवायचं, प्रश्न विचारायचे, उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं, आणि भाषण लांबलं तर थांबवायचं. ही पद्धत मला फार आवडते. आपल्याकडे उमेदवार सभेत बोलतो आणि लोक ऐकतात. इथे लोक बोलत होते आणि उमेदवार घाम पुसत होता.

आता दुसरा अर्धा. सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी, तेही टेक्सासचेच, १९५४ मध्ये करकायद्यात एक कलम घुसवलं: करमाफी मिळवणाऱ्या धर्मादाय संस्थेनं कुठल्याही उमेदवाराच्या बाजूनं वा विरोधात प्रचार करायचा नाही. चर्चही त्यात आलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या करखात्यानं टेक्सासमधल्या एका न्यायालयात सांगितलं, की प्रार्थनेच्या वेळी आपल्या लोकांशी बोलताना धर्मगुरूनं उमेदवाराचं नाव घेतलं तरी या कलमाचा भंग होत नाही असं आम्ही मानतो. बऱ्याच इव्हँजेलिकल, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींना हे हवंच होतं. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं मात्र लगेच कळवलं, की आमचं धोरण बदलणार नाही, आम्ही उमेदवारांना पाठिंबा देत नाही.

बिशप बरोबर वागले. फक्त त्यांच्या या तटस्थतेला मी पूर्ण गुण देणार नाही. नाव न घेता बोट दाखवण्याची कला चर्चला चांगली येते. २००४ मध्ये सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणारे कॅथलिक अध्यक्षीय उमेदवार जॉन केरी यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, देणार नाही असं जाहीर केलं होतं. उमेदवाराचं नाव घेण्याचा याहून मोठा प्रकार कोणता? पुढे बायडेन यांच्याबाबतही तीच चर्चा वर्षभर चालली. बिशपांच्या मतदारांसाठीच्या मार्गदर्शिकेत स्थलांतरितांचे हक्क आहेत, गरिबी आहे, मृत्युदंड आहे, पण गर्भपाताला सर्वोच्च अग्रक्रम म्हटलेलं आहे. तो त्यांचा धार्मिक अधिकार, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोंदणीचा अर्ज वाटणारा हात आणि हा अग्रक्रम सांगणारा हात एकाच माणसाचा असेल, तर अर्ज घेणाऱ्याला तो सौदा वाटू शकतो. म्हणून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर बाहेर जे टेबल लागतं, त्यावर फादरनं बसू नये. धर्मग्रामातल्या बायकांनी, कॉलेजातल्या मुलांनी बसावं.

आणि अर्ज वाटणाऱ्यांनी निकालाची आशा सोडूनच तो वाटावा. डेमोक्रॅटिक पक्षाला अनेक वर्षं वाटत होतं, की लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, मतदार वाढले की टेक्सास आपोआप आपलं. २०२४ मध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या स्टार काउंटीनं (काउंटी म्हणजे जिल्हा), जिथे जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आहे, ट्रम्प यांना मत दिलं. १८९२ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार पहिल्यांदाच जिंकला. स्थलांतरितांची नोंदणी म्हणजे डाव्यांची मतपेढी भरणं, असं म्हणणाऱ्या उजव्यांना हे उत्तर आहे. तसंच मनातल्या मनात मोजणी करून धर्मग्रामांचं कौतुक करणाऱ्या डाव्यांनाही ते लागू आहे. माणूस नागरिक झाला की तो कुणाचा राहत नाही, त्याला नोंदवणाऱ्याचाही नाही.

एका ठिकाणी धर्मग्रामाला दया बाजूला ठेवून काटेकोर व्हावं लागतं. एकाच बाकावर बसलेल्या कुटुंबात आजीकडे कागदच नसतात, बापाकडे ग्रीन कार्ड असतं आणि नात अमेरिकेत जन्मल्यामुळे नागरिक असते. मत फक्त नातीला. केंद्रीय नोंदणी अर्जावर सगळ्यात वर चौकोन असतो: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? बापानं उत्साहात, किंवा टेबलावरच्या स्वयंसेवकानं 'आपलेच आहेत' म्हणत, तिथे 'हो'वर खूण केली की पुढचा मार्ग बंद. १९९६ च्या कायद्यानुसार नागरिकत्वाचा खोटा दावा हा हद्दपारीचा गुन्हा आहे, आणि त्याला माफी जवळजवळ नाही. वीस वर्षं कर भरलेला माणूस एका खुणेनं देशाबाहेर जाऊ शकतो. म्हणून टेबलावरचा पहिला प्रश्न नागरिकत्वाचाच हवा, आणि उत्तर 'नाही' असेल तर अर्ज पुढे सरकवायचा नाही. त्या माणसाला शेजारच्या टेबलाकडे पाठवायचं, नागरिकत्वाच्या अर्जाकडे.

ते शेजारचं टेबल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. कागद नसलेल्यांची मुलं सरकारी शाळेत नकोत, त्यांना तातडीखेरीज सरकारी उपचार नकोत, असा तो प्रस्ताव. न्यायालयांनी तो अडवला, पण लॉस एंजलिसच्या धर्मग्रामांमध्ये जे ग्रीन कार्डवर निवांत होते ते खडबडून जागे झाले. १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला होता. त्यांच्यातले बरेच जण आता नागरिकत्वासाठी पात्र होते. चर्चच्या सभागृहांत अर्ज भरायचे कार्यक्रम लागले. १९९६ या एका वर्षात देशभरात १० लाखांहून अधिक लोक नागरिक झाले. निवडणुकीसाठी घाईघाईनं नागरिक तयार केले असा आरोप रिपब्लिकनांनी क्लिंटन सरकारवर केला आणि संसदेत त्यावर सुनावण्या झाल्या. छाननीत ढिलाई झाली हा आक्षेप काही अंशी खरा होता. पण पात्र माणसानं नागरिक होण्यात घाई कसली? आणि नवमतदारांची ही भीती अमेरिकेला नवी नाही: १८५० च्या दशकात स्थलांतरितांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या नो-नथिंग पक्षाला आयरिश कॅथलिकांची एवढी धास्ती होती, की नागरिकत्वासाठी २१ वर्षं थांबायला लावावं अशी त्यांची मागणी होती.

आज त्या सभागृहात काय लागतं? कागदावर अर्ज केला तर फी ७६० डॉलर. ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी नवी नागरिकशास्त्राची परीक्षा आहे: १२८ प्रश्नांचा संच, त्यातले २० विचारणार, १२ बरोबर यायला हवेत. आधी १०० पैकी १० विचारत आणि ६ पुरत. वय पन्नासच्या पुढे आणि ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेली असतील तर मुलाखत स्वतःच्या भाषेत देता येते. ही सवलत कितीतरी जणांना माहीतच नसते आणि ते इंग्रजीच्या धास्तीनं अर्ज करत नाहीत. अशा माणसाला गाठून 'मावशी, तुम्हाला इंग्रजीची गरज नाही' एवढं सांगणारं कुणीतरी हवं असतं. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकत्व खात्यानं ठरवलं, की शपथविधीच्या ठिकाणी मतदार नोंदणी फक्त सरकारी निवडणूक कर्मचाऱ्यांनीच करायची. इतकी वर्षं तिथे लीग ऑफ विमेन व्होटर्ससारख्या संस्थांच्या बाया टेबल टाकून बसायच्या. त्या दारातून बाहेर पडलेला नवा नागरिक रविवारी कुठे जातो, हे धर्मग्रामाला माहीत आहे.

अर्थात हे सगळं निर्धास्तपणे करण्याचे दिवस नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, कथित मतदान-गैरप्रकारांच्या चालवलेल्या तपासात सॅन अँटोनियो आणि आसपासच्या लॅटिनो कार्यकर्त्यांच्या घरांवर छापे पडले. त्यात सत्त्याऐंशी वर्षांची एक स्वयंसेविकाही होती. त्याच सुमाराला, यादीत नसलेल्या लोकांना अर्ज टपालानं पाठवायचं सॅन अँटोनियोच्या बेक्सार काउंटीनं ठरवलं, तर ॲटर्नी जनरल तिच्यावर खटला घेऊन गेले. जानेवारी २०२५ मध्ये चर्च, शाळा, इस्पितळं इथे कारवाई टाळण्याचं इमिग्रेशन खात्याचं जुनं धोरण रद्द झालं. जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या बिशप अल्बेर्तो रोहास यांना जाहीर करावं लागलं, की पकडले जाण्याची भीती असेल त्यांनी रविवारची मिस्सा चुकवली तर ते पाप नाही. दहा लाखांहून अधिक कॅथलिकांचा तो धर्मप्रांत. ज्यांना घराबाहेर पडायची भीती आहे त्यांच्या घरातल्या नातीचं मत हीच त्या घराची राजकीय मिळकत. ती यादीत नसेल तर त्या घराकडे कुठलाही नगरसेवक का पाहील?

आपल्याकडच्या वाचकाला इथे १२३(३) आठवेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या त्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. खटला मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीचा होता. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्माच्या नावानं मत मागणं म्हणजे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण, असं बहुमतानं ठरलं. शिवाय १९८८ चा कायदा प्रार्थनास्थळात राजकीय प्रचार करू देत नाही. मला हे दोन्ही मान्य आहेत, आणि यादीत नाव आहे का ते पाहा असं सांगणं या दोन्हींत बसत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा गरिबाला तो अर्ज भरून देणारं चर्च असो, देऊळ असो की तालीम, त्यानं लोकशाहीचंच काम केलं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडमधल्या स्विंडनचं सांगतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेल्या गोवेकरांची तिथे मोठी वस्ती आहे आणि होली रूड चर्चमध्ये रविवारी कोकणी कानावर पडते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला त्या दिवशी भारतातलं मत गेलं. ब्रिटनमध्ये पोर्तुगीज नागरिक म्हणून स्थानिक निवडणुकीत मत आहे, संसदेच्या निवडणुकीत नाही. आणि गंमत अशी, की त्याच बाकावर शेजारी भारतीय पासपोर्टवर आलेला विद्यार्थी राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून पंतप्रधान ठरवणाऱ्या निवडणुकीतही मत देऊ शकतो! गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला हे कोण समजावणार? धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर चार ओळी कोकणीत लावल्या तर काम होतं. अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटीत मतपत्रिका हिंदीतही मिळते, क्वीन्समध्ये बंगालीत. आपल्या मराठी मंडळांनी गणपतीच्या मांडवात नोंदणीचं टेबल का लावू नये, असाही प्रश्न यातून निघतो.

माझी खरी तक्रार पैशाची आहे. अमेरिकेच्या बिशपांनी १९६९ मध्ये गरिबांच्या संघटनांसाठी एक निधी उभारला. दर नोव्हेंबरात चर्चमध्ये त्यासाठी झोळी फिरते. कॉप्सच्या सुरुवातीच्या वर्षांना त्याच निधीचा टेकू होता. जून २०२४ मध्ये बिशप परिषदेनं हा निधी सांभाळणाऱ्या विभागाची फेररचना केली आणि तिथली माणसं कमी केली. म्हणजे उमेदवाराचं नाव घेणार नाही हा निर्धार कायम, आणि नाव नोंदवून देणाऱ्या माणसाचा पगार मात्र अनिश्चित. टेक्सासमध्ये नोंदणी करून घ्यायला काउंटीकडून स्वयंसेवक म्हणून नेमणूक घ्यावी लागते आणि भरलेला अर्ज पाच दिवसांत कार्यालयात पोचवावा लागतो. हौशी माणसांवर सोडून हे वर्षानुवर्षं चालत नाही. दर चार वर्षांनी बिशपांचं मतदारांसाठी जे निवेदन येतं, त्याच्या शेवटच्या पानावर किती धर्मग्रामांत या कामाला पगारी माणूस आहे, तो आकडाही छापावा.